‘मंजूर’ म्हणजे नेमकं काय? रस्त्याचा आणि रेल्वेचा पैसा दिल्लीहून कोल्हापूरला कसा येतो

गगनबावडा रस्त्याला, कळ्याच्या अलीकडे आमचे आप्पा राहतात. वडिलांचे मावसभाऊ. त्यांच्याकडे प्लॅस्टिकची एक फाइल आहे, ऊसबिलाच्या पावत्या ठेवतात तसली. तीत पावत्या नाहीत, कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेची कात्रणं आहेत. कुठे ‘मंजुरी’, कुठे ‘हिरवा कंदील’, कुठे ‘मार्ग मोकळा’. सगळ्यात जुनी कात्रणं पिवळी पडून घडीवर फाटली आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी ती फाइल माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, “पोरा, तू हिशेबातला माणूस. एवढंच सांग, एक रेल्वे किती वेळा मंजूर व्हायची असती?”

मी त्यांना तासभर समजावून सांगितलं. तेच इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एकट्या आप्पांचा नाही. आपल्याकडे रस्ता, पूल, रेल्वे, बस यांबद्दल बोलताना ‘मंजूर’ हा एकच शब्द पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्यातली कोणती गोष्ट झाली हे कळलं नाही, तर कोणाकडे जायचं आणि काय मागायचं हेही कळत नाही.

रेल्वेपासून सुरुवात करतो.

कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्ये आली. मिरजेपासूनची ती लाइन कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधली आणि चालवायला कंपनीला दिली. आज गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले करत मिरजेला जाणारी हीच ती लाइन. पण कोल्हापूर हे शेवटचं स्टेशनच राहिलं. पुढे सह्याद्री आहे आणि खाली कोकण रेल्वे. घाट उतरून त्या रेल्वेला मिळायचं, म्हणजे कोल्हापूर–वैभववाडी. अंतर सुमारे १०७ किलोमीटर. २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी मांडलेल्या रेल्वे अर्थसंकल्पात ही लाइन आली, तेव्हा खर्च ३,२४४ कोटी रुपये धरला होता. तो स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प शेवटचा ठरला. १९२४ पासून वेगळा मांडला जाणारा हा अर्थसंकल्प २०१७ पासून मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला.

आता आप्पांच्या फाइलमधलं पहिलं कात्रण घ्या. अर्थसंकल्पात काम ‘आलं’, म्हणजे रेल्वेच्या कामांच्या यादीत त्याचं नाव लागलं. या यादीला पिंक बुक म्हणतात. प्रत्येक कामापुढे अपेक्षित खर्च, आजवर झालेला खर्च आणि यंदाची तरतूद असे रकाने असतात. आकडे हजार रुपयांत छापलेले असतात. त्यामुळे एखाद्या कामासमोर नुसता ‘१’ दिसला, तर त्या वर्षी त्याला एक हजार रुपये दिले आहेत असा अर्थ. एक हजार रुपयांत रेल्वेचा एक स्लीपरही येत नाही. ही रक्कम काम यादीतून गळू नये म्हणून ठेवतात. नाव जिवंत राहतं, काम हलत नाही. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं, “एक हजार?”

यादीत नाव लागण्याच्या आधी आणि नंतरही बऱ्याच पायऱ्या आहेत. आधी प्राथमिक सर्वेक्षण. मग अंतिम स्थान सर्वेक्षण, ज्यात बोगदा कुठे, पूल कुठे, स्टेशन कुठे हे जमिनीवर ठरतं. त्यावरून सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर. तो आधी रेल्वे बोर्डाकडे जातो, मग नीती आयोग आणि अर्थ मंत्रालयाकडे, आणि काम मोठं असेल तर शेवटी मंत्रिमंडळाकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये पीएम गतिशक्ती सुरू झाल्यापासून आणखी एक पायरी आली आहे. रस्ते, रेल्वे, बंदरं अशा खात्यांचे अधिकारी एका नकाशावर बसून प्रकल्प तपासतात आणि शिफारस करतात. वैभववाडीची लाइनही तिथून शिफारशीसह पुढे गेली. तेव्हा तिचा खर्च ३,४११ कोटींवर गेला होता. या शिफारशीची बातमीसुद्धा ‘मंजुरी’ म्हणूनच कानावर येते.

या सगळ्यात जिथे खरी अडचण होते ती म्हणजे परताव्याचा दर. रेल्वे विचारते, इतके कोटी घातले तर मालवाहतूक आणि प्रवासी मिळून वर्षाला किती टक्के परत येतील? मापदंड १० टक्क्यांचा आहे. घाटातल्या लाइनला बोगदे जास्त म्हणून खर्च जास्त, आणि सुरुवातीला गाड्या कमी म्हणून उत्पन्न कमी. मग आकडा दहाला पोहोचत नाही. साखर, गूळ, बॉक्साइट, फाउंड्रीचा माल थेट कोकणातल्या बंदरांपर्यंत गेला तर काय होईल, याचा हिशेब कोल्हापूरच्या लोकांनीच पक्का करून मांडायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसती ‘आमची जुनी मागणी आहे’ ही भाषा त्या टेबलावर चालत नाही.

परतावा कमी असला तरी दोन वाटा असतात. एक, केंद्राने सामाजिक किंवा सामरिक गरज म्हणून लाइन मान्य करायची. दुसरी, राज्याने निम्मा वाटा उचलायचा. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाइन या दुसऱ्या वाटेची. १९९५ मध्ये मंजूर झाली तेव्हा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. पुढे खर्च केंद्र आणि राज्याने निम्मा-निम्मा वाटून घेतला आणि तो चार हजार आठशे कोटींवर गेला. बीडच्या स्टेशनात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. मंजुरी आणि गाडी यांच्यात तीस वर्षं. तिथल्या एका अख्ख्या पिढीने शाळेपासून संसारापर्यंतचा काळ ‘रेल्वे येणार’ ऐकत काढला. तरतूद दरवर्षी थोडी थोडी आली की जमीन आणि सिमेंटचे भाव वाढत राहतात आणि उरलेलं काम दरवर्षी महाग होत जातं. म्हणून मंजुरीच्या आकड्यापेक्षा यंदाची तरतूद बघा, असं मी सगळ्यांना सांगतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. पुणे–कोल्हापूर मार्गाचं विद्युतीकरण झपाट्याने झालं, कारण देशभरच्या विद्युतीकरणाला सलग काही वर्षं भरभरून पैसे मिळाले. १६ सप्टेंबर २०२४ ला कोल्हापूर–पुणे वंदे भारत सुरू झाली ती त्याच तारांखालून धावते. मिरज–कोल्हापूर मात्र अजून एकेरी लाइन आहे. समोरून गाडी आली की क्रॉसिंगला थांबायचं. रुकडीला गाडीत बसून थांबलेल्या माणसाला दुहेरीकरण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

हा पैसा येतो कुठून?

रेल्वेची कमाई जवळपास सगळी चालवण्यातच संपते. शंभर रुपये मिळाले तर अठ्ठ्याण्णवच्या आसपास पगार, पेन्शन, वीज-डिझेल आणि देखभालीत जातात. तिकिटावर छापलेलं तुम्ही वाचलं असेल, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात. उरलेलं मालवाहतूक भरून काढते, त्यातही कोळसा सगळ्यात मोठा. म्हणजे नवी लाइन टाकायला रेल्वेच्या स्वतःच्या खिशात फारसं काही राहत नाही. ते पैसे केंद्राच्या तिजोरीतून येतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली खर्चासाठी २ लाख ५२ हजार कोटी होते, रस्ते वाहतूक मंत्रालयासाठी २ लाख ८७ हजार कोटी.

आणि त्या तिजोरीत आपणच भरतो. पेट्रोल पंपाचं उदाहरण घेऊ. मे २०२२ च्या कपातीनंतर केंद्राचा पेट्रोलवरचा कर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे झाला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यात दोन रुपयांची वाढ झाली. पण मांडणी समजायला २०२२ चा आकडा सोपा आहे. त्यात मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, शेतीच्या पायाभूत कामांसाठीचा सेस (ठरावीक कामासाठी लावलेला जादा कर) अडीच रुपये, आणि रस्ते व पायाभूत सुविधांचा सेस ५ रुपये. राज्यघटनेनुसार केंद्राच्या करांतला वाटा राज्यांना मिळतो, पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे ४१ टक्के. पण सेस आणि अधिभार त्या वाटणीत येत नाहीत. म्हणजे १९ रुपये ९० पैशांपैकी वाटायला आले फक्त १ रुपया ४० पैसे. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. त्या आयोगाप्रमाणे महाराष्ट्राचा हिस्सा होता ६.३१७ टक्के. हिशेब केला तर लिटरमागे साडेतीन पैशांच्या आसपास. राज्याचा व्हॅट वेगळा, तो राज्य स्वतः लावतं.

हे साडेतीन पैसे मला महत्त्वाचे वाटतात. राज्याच्या रस्त्यासाठी दिल्लीचे उंबरठे का झिजवावे लागतात, याचं मोठं कारण इथे आहे. रस्त्याचा सेस केंद्रीय मार्ग निधीत जातो, ज्याचं २०१८ पासून नाव केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी झालं. त्यातून राष्ट्रीय महामार्ग, रेल्वेची कामं आणि राज्यांच्या काही रस्त्यांना पैसे मिळतात. पण कुठल्या रस्त्याला किती, याची मान्यता केंद्राची. तुमच्या तालुक्यात ‘केंद्रीय मार्ग निधीतून काम’ असा फलक दिसला, तर तो आपल्याच पंपावरच्या सेसचा थोडासा भाग घरी परत आलेला असतो.

आता रस्ते. रस्त्याचा मालक कोण हे ओळखायची एक सोपी खूण आहे, किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा. निळा किंवा काळा जिल्ह्याच्या आणि शहराच्या रस्त्यांना. आप्पांच्या घरून कोल्हापूरला येताना एका तासात तीन रंग बदलतात, म्हणजे तक्रारीचे तीन पत्तेही बदलतात. वाडीचा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. ही योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि आता खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के असा वाटला जातो. कोल्हापूर–गगनबावडा–तळेरे हा राष्ट्रीय महामार्ग १६६ जी. शहरात शिरलं की महापालिका.

यातही एक गोम आहे. राष्ट्रीय महामार्ग म्हटलं की आपण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे बोट दाखवतो. पण सगळे महामार्ग प्राधिकरणाकडे नसतात. बरेचसे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा बघते, पैसा केंद्रीय मंत्रालयाचा आणि इंजिनिअर राज्याचे. २०२४ मध्ये करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी कित्येक महिने बंद होता, तेव्हा गगनबावड्याच्या लोकांनी कोणाला विचारायचं हाच गोंधळ होता. आणि शक्तिपीठ महामार्ग, ज्याच्याविरुद्ध आपल्या जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले, तो केंद्राचा नाही, राज्याचा प्रकल्प आहे. त्याचा निर्णय दिल्लीत होत नाही, मुंबईत होतो.

मोठ्या महामार्गाचा पैसा तीन पद्धतींनी उभा राहतो. पहिलीत सरकार सगळा खर्च करतं आणि ठेकेदार फक्त बांधून देतो. दुसरी बीओटी, म्हणजे बांधा, वापरा, हस्तांतरित करा. ठेकेदार स्वतःचे पैसे घालतो आणि टोलमधून वसूल करतो. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा प्रकल्प आणि तीस वर्षांचा टोल. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके पेटले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयस्क माणसं उन्हात मोर्चाच्या पुढे चालली. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि ठेकेदाराच्या भरपाईचा भार सरकारी तिजोरीवर आला. मला त्या आंदोलनाचा अभिमान आहे. पण हिशेबाची बाजूही खरी आहे. रस्त्याचे पैसे कुणीतरी देतंच. प्रश्न एवढाच असतो, रोज गाडी नेणारा देणार की कर भरणारे सगळे देणार, आणि करारावर सही करण्याआधी आपल्याला कुणी विचारलं का.

तिसरी पद्धत या दोघींच्या मधली. तिला हायब्रिड अॅन्युइटी म्हणतात, २०१६ पासून ती जोरात आहे. बांधकाम चालू असताना सरकार ४० टक्के देतं. उरलेले ६० टक्के ठेकेदार आणतो आणि सरकार ते व्याजासह पंधरा वर्षांच्या हप्त्यांत फेडतं. घरासाठी कर्ज काढल्यासारखंच. टोल सरकारकडेच जातो, त्यामुळे रहदारी कमी निघाली तरी ठेकेदार बुडत नाही. मात्र पंधरा वर्षांचे ते हप्ते पुढच्या अर्थसंकल्पांना बांधून ठेवतात. प्राधिकरणाने मधल्या काळात बाजारातूनही इतकं कर्ज उचललं की ते साडेतीन लाख कोटींच्या घरात गेलं. २०२२-२३ पासून हे नवं कर्ज थांबवलं आणि थेट अर्थसंकल्पातून पैसे वाढवले.

किणीच्या नाक्यावर फास्टॅगमधून कापलेला पैसा त्या रस्त्याच्याच डागडुजीला जातो असं बऱ्याच जणांना वाटतं. सरकारी टोल आधी देशाच्या संचित निधीत जमा होतो आणि तिथून पुन्हा महामार्गांकडे वळवला जातो. दर २००८ च्या नियमांनी ठरतात. दरवर्षी १ एप्रिलला ३ टक्के वाढ ठरलेली, वर घाऊक महागाईच्या ४० टक्क्यांइतकी भर. म्हणून नाक्यावरच्या पोरांशी भांडून काही होत नाही. त्यांच्या हातात दर नाही आणि खड्डाही नाही.

जमिनीच्या मोबदल्यातही केंद्र-राज्याची अशीच गुंतागुंत आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्गासाठी चोकाक ते अंकली पट्ट्यातले शेतकरी चौपट मोबदल्यासाठी लढले. चौपट कुठून येतं? २०१३ च्या कायद्यात ग्रामीण भागातल्या जमिनीच्या बाजारभावाला एका गुणांकाने गुणतात आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. गुणांक २ असेल तर दुप्पट अधिक तेवढाच दिलासा, म्हणजे चौपट. गुणांक १ असेल तर सगळं मिळून दुप्पट. हा गुणांक १ ते २ च्या मध्ये राज्य ठरवतं. २०२१ मध्ये महाराष्ट्राने महामार्गांसाठी तो १ केला. पैसा केंद्राचा, गुणांक राज्याचा. ज्याच्या बांधावर मोजणीचा दगड पडतो त्याला हे एक वाक्य आधी कळलं पाहिजे, म्हणजे दिल्लीला निवेदन देण्यात त्याचं वर्ष वाया जाणार नाही.

शहराच्या बसबद्दल थोडक्यात. मेट्रोच्या निकषात वीस लाख लोकसंख्या बघतात, त्यामुळे साडेपाच लाखांच्या कोल्हापूरने ते स्वप्न बाजूला ठेवावं आणि केएमटीकडे, म्हणजे महापालिकेच्या बससेवेकडे बघावं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवा मंजूर केली. देशात दहा हजार ई-बस, त्यातल्या आपल्या आकाराच्या शहराला शंभर. इथे केंद्र बस विकत घेऊन देत नाही. बस ठेकेदाराची, ड्रायव्हर त्याचा, आणि महापालिका त्याला किलोमीटरमागे पैसे देते. केंद्र मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मधल्या आकाराच्या बसला २२ रुपये, असं दहा वर्षं देतं. समजा ठेकेदाराचा दर ६० रुपये ठरला, तर वरचे ३६ ते ३८ रुपये तिकिटातून आणि महापालिकेच्या तिजोरीतून आले पाहिजेत. म्हणून गाडी किती चकचकीत आहे यापेक्षा ती कुठल्या मार्गावर, किती भरून धावणार, हे आजच ठरवलं पाहिजे. संध्याकाळी सहाला शिवाजी विद्यापीठाच्या स्टॉपवर ताटकळणाऱ्या मुलींना त्या दहा वर्षांतला प्रत्येक किलोमीटर मोलाचा आहे.

त्या दिवशी आप्पांनी पेन्सिल मागून घेतली. प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात आम्ही दोघांनी मिळून एकेक शब्द लिहिला. घोषणा. सर्वेक्षण. यादीत नाव. अहवाल. शिफारस. मग पुन्हा घोषणा. ‘निविदा’ हा शब्द आम्हाला एकाही कात्रणावर लिहिता आला नाही. ‘भूसंपादनाची अधिसूचना’ हाही नाही. आप्पा बराच वेळ कागद मागे-पुढे करत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आता खासदारांना गाठून विचारायचं ते हे. यंदा किती धरलेत, आणि निविदा कधी.”

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जातो. पिंक बुक त्यानंतर रेल्वेच्या वेबसाइटवर येतं, कुणालाही फुकट उघडता येतं. मध्य रेल्वेचा भाग काढायचा, नव्या मार्गांची यादी शोधायची, कोल्हापूर–वैभववाडीची ओळ बघायची आणि यंदाच्या तरतुदीच्या रकान्यावर बोट ठेवायचं. ते पान मी छापून आणतो म्हणून आप्पांना सांगितलं आहे. “अक्षर मोठं काढ तेवढं,” म्हणाले.